शिट्टी झाली, हात वर

हिंगोली जिल्ह्यात आपली चूक चारचौघांत हात वर करून कबूल करणारी जी काही माणसं उरली आहेत, ती सगळीच्या सगळी माझ्या आत्याच्या नवऱ्यानं घडवलेली आहेत. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते. मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं काढणारी मुलगी आहे. कुणाचं काय चुकलं आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा, हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते, की आमदारापासून गावातल्या पाण्याच्या टाकीवरच्या माणसापर्यंत कुणीही आजवर माझ्यासमोर हात वर केलेला नाही. हात वर झाले ते फक्त मामांच्या शिट्टीवर. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते मामा. आखाडा बाळापूरच्या एका शाळेत पीटीचे सर, आणि कॉलेजांच्या बास्केटबॉल मॅचेस असल्या की पंच. मॅचमध्ये ज्याच्या नावावर फाऊल लागला त्यानं हात वर करायचा, असा म्हणे फार पूर्वी नियम होता. पुढे तो नियम गेला. जगातून गेला, पण मामांच्या मैदानावरून गेला नाही. शिट्टी वाजली, मामांनी बोट दाखवलं, की त्या पोरीनं हात वर करायचा; डोळे वटारायचे नाहीत, कपाळाला हात लावायचा नाही, "सर, मी न्हाई ओ" म्हणायचं नाही. "हात वर केला की चूक तिथंच संपती, पोरी," मामा म्हणायचे. "न्हाई केला तर ती घरी संगं येती."

ही पद्धत मैदानावरच राहिली असती तर आत्याचा संसार जरा सोपा झाला असता. पण मामांच्या गळ्यात शिट्टी आंघोळीची वेळ सोडली तर कायम असायची, आणि सबंध घर हेच एक कोर्ट होतं. कप फुटला, शिट्टी. नळ चालू राहिला, शिट्टी. जेवताना मोबाईल, शिट्टी, आणि वर हाताची मूठ, म्हणजे पंचाची फाऊलची खूण. फ्रीज उघडून आत काय काय आहे ते बघत कुणी उभं राहिलं, की मामा दारातून एक हात झुलवत तीन सेकंद मोजायचे आणि फुर्रर्र करून शिट्टी मारायचे, कारण रिंगेखालच्या चौकटीत हल्ला करणाऱ्यानं तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळायचं नसतं. त्यांच्या मते फ्रीजची, देवळातल्या गाभाऱ्याची आणि साहेबाच्या टेबलाची गोष्ट वेगळी नव्हती. लग्नात बफे असला तर आम्ही त्यांच्यापासून लांब उभं राहायचो. ताट हातात घेऊन कुणी खात खात दोन पावलं पुढं सरकलं, की हे दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ओरडायचे, "स्टेप्स!" बॉल हातात धरून, तो न आपटता चाललं की पंच हेच ओरडतो. नवरदेवाचे चुलते एकदा अशा आवाजानं दचकले आणि त्यांची वरणाची वाटी स्वतःच्याच नव्या कुर्त्यावर उपडी झाली. ते रागानं वळले. मामांनी शांतपणे बोट दाखवलं. आणि काय सांगू, त्या माणसानं हात वर केला! चुलते बाळापूरच्या कॉलेजातून खेळून गेलेले होते.

हिंगोलीच्या जीप स्टँडवरचा एक प्रसंग तर मी स्वतः पाहिलेला आहे. रांगेतली जीप भरत आली होती. मागून दुसऱ्या जीपवाल्यानं आपली गाडी आडवी घातली आणि आमच्यातल्या तीन बायकांना "चला मावशी, लगेच निघून राहिलो" म्हणत आत ओढलं. पहिला ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला. तेवढ्यात मामांची शिट्टी. सबंध स्टँड गप्प. पोलीस आला असं समजून एका ऊसवाल्यानं गाडासुद्धा हलवला. मामा मधोमध गेले, दोन्ही हात कमरेवर ठेवले. आडवी गाडी घालणाऱ्या ड्रायव्हरकडं बोट करून म्हणाले, "ब्लॉक! तो आधीच चालू होता, तू नंतर आडवा आला. हात वर कर." ड्रायव्हर म्हणाला, "काहून करू? तुमी कोण हाव?" मामा म्हणाले, "म्या कोण ते सोड. तुला माहीत हाये ना कोण आडवं आलं?" डोकं खाजवता खाजवता ड्रायव्हरचा हात थोडा वर गेला. मामांनी तेवढाच मान्य केला. बायका खाली उतरल्या.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मुलींच्या होस्टेलला पाणी नाही म्हणून आम्ही एका प्राचार्यांची गाडी अडवली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मी तो अभिमानानं मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरला. गाडीची चाकं बघितली, माझे पाय बघितले. म्हणाले, "गाडी निघाली होती. तू बाजूनं पळत येऊन आडवी झालीस. तुझा पाय अजून हवेत हाये, हे बघ. ब्लॉक." मी भडकले. "मामा, पोरींना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही माझा पाय बघता?" ते म्हणाले, "पाण्याचं बराबर हाये. पाणी तुझ्याच बाजूनं हाये. पण आधी जाऊन उभी राहा ना पोरी. दोन्ही पाय टेकव. मंग येऊ दे त्याला अंगावर. मंग धडक त्याची." आता हे मी मामांकडून शिकले असं लिहिलं तर आमच्या संघटनेतली पोरं हसतील. पण पुढच्या मोर्चात आम्ही सकाळी जाऊन गेटवर बसलो, हे खरं आहे.

बास्केटबॉल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं गुळगुळीत लाकडी फरशी आणि दिव्यांचा झगमगाट येत असेल तर तो पुसून टाका. आमच्या जिल्ह्यात बास्केटबॉलचं मैदान म्हणजे कॉलेजच्या मागं एक सिमेंटचा चौथरा, त्याला तडे, त्या तड्यांत गवत, चुन्याच्या रेषा, गंजलेल्या रिंगा आणि एका बाजूला तुरीचं शेत. अशा मैदानावरचे पेच कुठल्या पुस्तकात सोडवलेले नसतात, ते मामांनी सोडवले. कडुलिंबाची फांदी रिंगेवर आली होती. बॉल फांदीला लागून आत पडला तर? मामांचा निकाल: फांदी कॉलेजची असेल तर पाहुण्यांना बास्केट, यजमानांना नाही; कापली काहून न्हाई वेळेवर? मैदानात बकरी आली आणि बॉल तिला लागला तर? पंचाला बॉल लागला तर तो जमिनीला लागल्यासारखा धरतात, असं पुस्तकात आहे. मामांनी थोडा विचार केला आणि बकरीला पंचाचा दर्जा दिला. खेळ चालू. "पण मामा, बकरी आणि तुम्ही एक का?" असं मी विचारलं तर म्हणाले, "तिला दोन्ही टीमकडून कायबी नको असतंय. अजून काय पाहिजे पंचाला?"

रिंगांना जाळ्या नसायच्या. कुठंच नसायच्या. आणि जाळी नसली की बॉल रिंगेतून गेला का रिंगेच्या बाहेरून घासून गेला, हे बाजूला बसलेल्या माणसाला काही केल्या कळत नाही. दोन्ही बाजूंची पोरं छातीवर हात ठेवून शपथ घेतात आणि दोन्ही खरं बोलत असतात. म्हणून मामा आपल्या पिशवीत दोन जाळ्या घेऊन फिरायचे. त्या आत्यानं पांढऱ्या नायलॉनच्या दोरीच्या विणलेल्या. मॅचच्या आधी स्टूलवर चढून स्वतः बांधायचे, मॅच झाली की सोडायचे, घरी आणून धुवायचे आणि साड्यांच्या शेजारी दोरीवर वाळत टाकायचे. शेजारच्या बाया आत्याला विचारायच्या, "मासे धरायला जातेत का ओ सर?" आत्या म्हणायची, "धरतेत. पण आजवर घरी एकबी आणला न्हाई."

आणि आता त्या खड्ड्यांविषयी. हे मला नीट लिहू द्या, कारण या खड्ड्यांवर मी एक आख्खं पत्रक काढलेलं आहे. आमच्याकडे कॉलेजची मैदानं लग्नाला भाड्यानं देतात. मंडपवाले येतात, पहार घेऊन सिमेंटच्या कोर्टात भोकं पाडतात, खांब रोवतात, लग्न लावतात आणि खांब उपसून जातात. भोकं राहतात. पोरींनी ड्रिबल करत यावं तर बॉल त्या भोकात पडून भलतीकडं उडतो, पोरीचा पाय पडला तर घोटा मुरगळतो. संस्थाचालकांच्या घरची लग्नं त्याच कोर्टावर, आणि पोरींच्या स्पर्धाही त्याच कोर्टावर. पत्रक निघाल्यावर त्यांनी काय केलं? खड्ड्यांत मुरूम भरला. पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणजे पाहुण्यांचे पाय मुरगळू नयेत म्हणून.

असल्याच एका खड्ड्यानं मामांचं उरलेलं आयुष्य गिळलं.

मामांना एकुलती एक मुलगी, माझी आतेबहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई बाळापूरच्या कॉलेजकडून खेळायची. ती खेळायची म्हणजे काय, ते मला सांगता येत नाही. मी तेव्हा दहावीत होते आणि ताई बॉल घेऊन निघाली की मी श्वास घ्यायचं विसरायचे, एवढंच आठवतं. घरी ती मामांना पप्पा म्हणायची आणि मैदानावर सर. मामांनी पहिल्यापासून ठरवलेलं, की ताईच्या मॅचला आपण पंच म्हणून उभं राहायचं नाही. तिच्या मॅचला ते तुरीच्या शेताच्या बांधावर, पाठ फिरवून बसायचे. आवाजावरून सगळं कळतं म्हणायचे.

त्या वर्षीची फायनल हिंगोलीत होती. यजमान कॉलेज विरुद्ध बाळापूर. विद्यापीठाच्या टीमसाठी पोरी निवडणारे सरही त्या दिवशी खुर्ची टाकून बसले होते. जिंकणाऱ्या टीममधल्या दोघी-तिघींना ते घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. परभणीहून येणारे पंच आलेच नाहीत. गाडी बंद पडली म्हणे. दुसरे पंच होते ते अगदी नवखे, वरिष्ठ म्हणून उभं राहायला कुणी नाही. आयोजक मामांकडं आले. "सर, तुमीच उभे ऱ्हा." मामांनी नाही म्हटलं. "मंग मॅच उद्या घेऊ," आयोजक म्हणाले. उद्या! बाळापूरच्या निम्म्या पोरी घरच्यांना हातापाया पडून, संध्याकाळच्या एसटीनं परत येते असं कबूल करून आलेल्या. उद्या त्यांना परत कोण पाठवणार होतं? मामांनी पोरींकडं पाहिलं. ताईकडं नाही पाहिलं. गळ्यातली शिट्टी नीट केली आणि स्टूल मागवून जाळ्या बांधायला चढले.

ते स्टूलवर असतानाच माझ्या मागं बसलेला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "बापच पंच हाये. गेला कप बाळापूरला. ह्या लोकायचं असंच राहतंय, आपलं ते आपलं." 'ह्या लोकायचं' म्हणजे कुणाचं, ते आमच्याकडं लहान लेकरालाही कळतं. आम्ही जयभीमवाले. मामांचा गाठ मारणारा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी गाठ पक्की केली, खाली उतरले.

मॅच अशी झाली, की शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा बाळापूर एका पॉइंटनं मागं होतं आणि बॉल ताईच्या हातात होता. ती उजव्या बाजूनं सुटली. समोरून यजमान टीमची एक उंच पोरगी तिला अडवायला सरकली. सरकता सरकता तिचा पाय मंडपाच्या खड्ड्यात गेला आणि ती जागच्या जागी थांबली. ताई उडाली. दोघी धडकल्या, दोघी सिमेंटवर आदळल्या. आणि बॉल जाळीतून गेला. आत्याची पांढरी जाळी खालून वर उलटली, ते मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. आणि त्याच वेळी शिट्टी.

हे जरा समजावून सांगते, कारण सगळं यावरच आहे. अडवणारी पोरगी आधीच पाय रोवून उभी असेल आणि बॉलवाली तिच्यावर जाऊन आदळली असेल, तर तो बॉलवालीचा गुन्हा. त्याला चार्ज म्हणतात. बास्केट रद्द. आणि अडवणारी उशिरा आडवी आली असेल, तर तो तिचा गुन्हा. त्याला ब्लॉक म्हणतात. बास्केट धरायचं, वर एक फ्री थ्रो. आधी कोण? एवढाच प्रश्न असतो, आणि डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात उत्तर द्यायचं असतं. ती पोरगी खड्ड्यात अडकून थांबली हे खरं. पण ताई उडाली त्याच्या आधी थांबली, का नंतर?

मामांनी उजवी मूठ डाव्या तळहातावर मारली. चार्ज. बास्केट रद्द. मग त्यांनी बोट दाखवलं, स्वतःच्या मुलीकडं.

ताई सिमेंटवर बसलेली होती. कोपर सोललं होतं. तिनं वर पाहिलं, पप्पांकडं नाही, सरांकडं. आणि तिनं हात वर केला. सरळ, कानाला लागेल असा. मैदानावर टाळ्या, ढोल, शिट्ट्या, आणि मध्ये तो एक हात. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "मानलं बुवा सरला." मला तेव्हा त्याला चावावंसं वाटलं होतं, आणि आज पत्रकं लिहायला लागल्यावरही तसंच वाटतं.

बाळापूर हरलं, ताई निवडली गेली नाही. घरी येऊन तिनं बूट धुतले, वाळवले आणि गल्लीतल्या एका पोरीला देऊन टाकले. पुढं नर्सिंगला गेली, नांदेडच्या एका दवाखान्यात लागली, लग्न झालं, लेकरू झालं. सणाला यायची. बापलेकीचं सगळं छान चालायचं. ती त्यांच्या गोळ्या बघायची, ते तिला भेंडी आवडते म्हणून बाजारातून कोवळी निवडून आणायचे. बास्केटबॉलचा विषय तेवढा त्या घरात निघायचा नाही.

मात्र ताई नसली की मामा त्याशिवाय दुसरं काही बोलायचे नाहीत. जेवायला बसलं की स्टीलचा पेला म्हणजे ती उंच पोरगी आणि तांब्या म्हणजे ताई. "हे बघ. पेला इथं. तांब्या इथून निघाला. आता तांब्याचा पाय सुटला जमिनीवरून. पेला थांबलेला हाये का न्हाई?" आत्या म्हणायची, "तांब्यात पाणी हाये, सांडून राहिलं." पाहुण्यांना, दूधवाल्याला, एलआयसीवाल्याला, सगळ्यांना त्यांनी हे विचारलं. लग्नात गेले की मंडपाचा खांब कुठं रोवलाय ते आधी बघायचे. शिरड शहापूरला एका लग्नात त्यांनी नवरीच्या भावाला खांबापाशी पाय रोवून उभं केलं आणि बुंदीचं घमेलं घेऊन निघालेल्या वाढप्याला म्हणाले, "पळत ये, बिनधास्त ये." तो बिचारा बिनधास्त आला. पंगतीला त्या दिवशी बुंदी मिळाली नाही. मामा गुडघ्यांवर हात ठेवून त्या दोघांच्या पायांकडं बघत होते आणि भोवताली लोक पोट धरून हसत होते. मीही हसले. हसता हसता मामांचा चेहरा दिसला आणि माझं हसू बंद झालं.

एकदा ते मला म्हणाले, "पोरी, तू पत्रकं लिहितीस. तुला कळतं कोण चुकलं ते. सांग. म्या पाय बघितला म्हणून शिट्टी मारली, का ते मागचं बोलणं ऐकलं होतं म्हणून मारली?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. माझ्याकडं नेहमीच असतं. मी म्हटलं, चूक त्या खड्ड्याची, चूक संस्थाचालकांची, चूक त्या माणसाच्या जिभेची आणि ज्या व्यवस्थेनं त्याला ती दिली तिची. मामांनी सगळं ऐकून घेतलं. "ते समदं बराबर हाये," म्हणाले. "पण शिट्टी माझ्या तोंडात होती ना."

जगातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी विचारलं, ताईला सोडून. तिला विचारा, असं मी म्हटलं की म्हणायचे, "खेळाडूला विचारून निकाल देतेत का कुठं?"

गेल्या उन्हाळ्यात मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. ताई रजा टाकून आली. तिनं घराचा ताबा घेतला. सकाळ-संध्याकाळ त्यांचा हात चोळायची, पाय हलवायची, आणि ओठांना व्यायाम म्हणून तिनंच ती शिट्टी परत त्यांच्या तोंडात दिली. "फुंका पप्पा. जोरात." मामा फुंकायचे. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निघून जायची, शिट्टी वाजायची नाही. ज्या आवाजानं जीप स्टँड गप्प व्हायचा, त्याच्या जागी नुसता फुस्स. आत्या तेवढ्या वेळापुरती भाजी आणायला निघून जायची.

एका संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो होतो. मामा खुर्चीत. त्यांच्यासमोरच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि पेला. त्यांनी डाव्या हातानं पेला हळूहळू पुढं सरकवला. मग तांब्या. मग ताईकडं बघितलं. पहिल्यांदा, तिच्यासमोर. मी आत्याकडं पाहिलं, आत्यानं मान खाली घातली. ताईनं ती दोन भांडी बघितली. मग उठली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, "ऊठ गं. तू ती पोरगी हो. त्या दोरीच्या खांबाचा खड्डा हाये ना, तिथं पाय घाल." धुणं वाळत घालायचा जुना खांब काढल्यावर अंगणात राहिलेला तो खड्डा. मी सरकत गेले, पाय घातला. बॉल नव्हता. आत्यानं आणलेल्या पिशवीतला लाल भोपळा ताईनं उचलला. मामांनी डाव्या हातानं शिट्टी तोंडात धरली.

ताई न्हाणीच्या दारापासून निघाली. पदर खोचलेली, अंगानं भरलेली, एका लेकराची आई. पण निघाली ती मला श्वास विसरायला लावणारी ताईच होती. ती आली, उडाली, आम्ही धडकलो, दोघी मातीत पडलो आणि भोपळा गडगडत मोरीपाशी गेला.

मी मामांकडं पाहिलं. त्यांचे गाल फुगले होते. फुस्स, एवढंच. ते फुंकत होते आणि वाजत नव्हती, की त्यांनी फुंकलीच नव्हती, हे मला कळलं नाही. मग त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, मांडीवर ठेवली आणि डावा हात वर केला. मला वाटलं आता मूठ वळेल. मूठ वळली नाही. पाचही बोटं उघडी, हात सरळ, कानाला लागेल असा. पंचाचा नव्हे, खेळाडूचा.

आत्या तोंडाला पदर लावून आत गेली.

ताई मातीतून उठली, तशीच जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसली. "खाली घ्या पप्पा," म्हणाली. "चार्जच होता. ती उभी होती. मला दिसली होती, मी तरी गेले. तुमचं बराबर होतं." मामांनी मान हलवली. नाही. वाकड्या ओठांनी त्यांनी एकच शब्द जुळवला, "ना... टक." मैदानावर पोरी खोट्या खोट्या पडल्या की ते हेच ओरडायचे आणि शिक्षा म्हणून टेक्निकल फाऊल द्यायचे. ताई हसली, आणि हसता हसता तिचं तोंड त्यांच्या गुडघ्यावर गेलं. "मंग टेक्निकल द्या मला," ती तिथूनच म्हणाली. मामांनी हात खाली घेतला तो तिच्या डोक्यावर.

खरं कोण बोललं, मला माहीत नाही. ताईला मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "तुला कशाला पाहिजे? पत्रक काढतीस का?" मी नाही काढलं. या एका बाबतीत माझ्याकडं मागणी नाही, निषेध नाही, खालची सहीसुद्धा नाही.

पावसाळा सरता सरता मामा गेले. शिट्टी ताई घेऊन गेली, जाळ्या बाळापूरच्या पोरी घेऊन गेल्या. आत्या एकटीच असते. ताई बोलावते, पण ती जात नाही.

परवा मी गेले होते. आम्ही स्वयंपाकघरात बोलत बसलो होतो, तिचं लक्ष नव्हतं, आणि दूध उतू गेलं. ओट्यावरून खाली धार लागली. आत्यानं आधी दाराकडं पाहिलं. मग तिनं हात वर केला. दारात कुणी नव्हतं. ती तशीच उभी राहिली, हात वर धरून, कुणीतरी तो बघून मान्य करावा म्हणून. मी उठले आणि गॅस बंद केला.